टिंगूला गाडी लागते

“...म्हणजे तुम्ही त्याला ठेवून घेणार नाही, भन्ते?”

क्षितिजा मेश्रामने पुन्हा विचारलं.

टेकडीवरच्या विहाराच्या पायरीवर तिचा कुत्रा टिंगू मान टाकून पडला होता. घाट चढून येईपर्यंत त्याने गाडीची मागची सीट ओकून घाण केली होती.

क्षितिजा नागपुरात ध्यानाचे वर्ग घ्यायची. आता नोकरीत तिची पुण्याला बदली झाली होती. एवढा प्रवास टिंगूला झेपणार नाही, म्हणून ती त्याला विहारात सोडायला आली होती. आईविना सापडलेलं हे पिल्लू तिने कापसाच्या बोळ्याने दूध पाजून जगवलं होतं. बोलताना ती त्याच्याकडे बघत नव्हती.

सगळं करून झालं, असं तिने सांगितलं. गोळ्या दिल्या, लिंबू हुंगवलं. निघताना पोटभर दहीभात भरवला, कारण लेकराला उपाशी कसं न्यायचं?

“मी लोकांना मन स्थिर ठेवायला शिकवते, भन्ते. याचं मनच कच्चं आहे.”

म्हातारे शीलानंद भन्ते टिंगूचा कान चोळत राहिले...

भोजनदानाची वेळ झाली. भिक्खूंचं जेवण बाराच्या आत उरकायचं असतं. क्षितिजाने डबा उघडला आणि भन्ते पुरे म्हणाले तरी वाढत राहिली. दानात आलेलं त्यांनी निमूट संपवलं.

पात्र धुऊन झाल्यावर ते म्हणाले, खालच्या गावात काम आहे, मला सोड.

क्षितिजाने मागची सीट पुसून काढली. ते मागे बसले, टिंगूशेजारी.

पहिल्याच वळणावर टिंगूच्या तोंडातून लाळ गळू लागली.

“टिंगू, नाटकं बंद,” क्षितिजा आरशात बघून म्हणाली. वेग तसाच होता.

पुढच्या वळणावर मागून आवाज आला.

“बाई... थांबव.”

भन्ते उतरले, रस्त्याच्या कडेला वाकले आणि ओकले.

क्षितिजा धावली. पाणी दिलं, पाठ चोळली, आपल्या ओढणीने त्यांचं तोंड पुसलं. एवढा आग्रह करून वाढायला नको होतं, असं पुन्हा पुन्हा म्हणू लागली.

“आधी सांगायचं ना, भन्ते.”

“मला गाडी लागते.”

पळसाच्या सावलीत तिने त्यांना बसवलं. घाई नाही, म्हणाली. टिंगूही खाली उतरून त्यांना टेकून बसला. बऱ्याच वेळाने ते निघाले. तिने सगळ्या काचा उघडल्या आणि गाडी इतकी हळू सोडली की सायकलवरचा दूधवाला शेजारून जाताना म्हणाला, ताई, मागून ढकलू का?

ती हसली नाही. वळण आलं की विचारायची, बरं वाटतंय ना? थांबू का?

गाव आलं. टिंगूने खाली उडी मारली, अंग झटकलं आणि चिंचेच्या बुंध्याचा वास घेऊ लागला.

क्षितिजाने मागची सीट पाहिली. कोरडी होती.



“भन्ते, पुण्यापर्यंत मी याला कसं नेऊ?”

भन्तेंनी खांद्यावरचं चीवर सारखं केलं.

“आजपासून त्यालाही भन्ते म्हण.”