घाटात घुंगुरमाळा थांबल्या

फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा रस्त्याला डांबर ठाऊक नव्हतं आणि रस्त्यावरची गर्दी म्हणजे बैलगाड्यांची गर्दी. डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक कुंभारीण राहत होती. नवरा चाक फिरवायचा, ती माती मळायची आणि मडकी भाजून झाली की दोघं मिळून घाटापलीकडच्या बाजाराला जायची.

वर्षातला एकच बाजार त्यांचा खरा, संक्रांतीच्या तोंडावरचा. त्या दिवशी घरोघरच्या बायका सुगडं घ्यायला यायच्या. पण सण सरला की सुगडांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. विकली ती विकली, उरली ती अंगणात पडून. म्हणून गाडीत पेंढा घालून सुगडं रचताना कुंभारीण दर वर्षी म्हणायची, "देवा, आजचा बाजार तेवढा गाठू दे."

त्या वर्षी दोघं उजाडता उजाडताच निघाली. त्यांची गाडी सगळ्यांत पुढे होती. घाटात दाट धुकं पडलेलं. रस्ता एकाच गाडीपुरता, एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला रान. मागे ही लांब रांग लागलेली. कुणाच्या गाडीत मीठ, कुणाच्या गाडीत गूळ, घोंगड्या, बांगड्या. धुक्यात माणसं दिसतच नव्हती, नुसत्या बैलांच्या घुंगुरमाळा ऐकू येत होत्या. किती गोड असायचा तो आवाज! घरात बसल्या जागी कळायचं, बाजार निघाला.

चढाच्या मध्यावर बैलांना दम खाऊ द्यायची रीत होती. गाडी थांबली की मागून चालणारी कुंभारीण पटकन एक धोंडा चाकामागे सारायची, म्हणजे गाडी घसरत नसे. त्या दिवशीही तिने धुक्यात चाचपलं. एक गोल धोंडा हाताला लागला. तो चाकाखाली लोटणार, तोच ती दचकली. सगळा घाट गारठलेला आणि हा धोंडा उबदार! शिवाय तो श्वास घेत होता.

"अहो, बैल धरून ठेवा! हा धोंडा नाही, जीव आहे!"

घाईघाईने दुसरा, खरा दगड लावून ती खाली वाकली. ते खवल्या मांजर होतं. रात्रभर रानात वारुळं हुंगत हिंडलेलं आणि परतताना गाड्यांच्या गर्दीत सापडलेलं. भ्यायलं की ते अंगाचा गोळा करतं, तसं रस्त्याच्या मधोमध पडलं होतं. कुंभारणीची गाडी नशिबाने त्याला दोन चाकांमध्ये घेऊन पुढे गेली होती. मागच्या गाडीखाली ते वाचलं नसतं.

तिने खांद्यावरच्या घोंगडीत ते उचललं आणि रानाच्या कडेला ठेवलं. "जा बाई आपल्या घरी." पण ते काही उलगडेना. उलट गाड्यांचा खडखडाट आणि माळांचा गजर ऐकून आणखीच घट्ट झालं.

तेवढ्यात मागून मीठवाला आला. "ओ कुंभारीणबाई, घाट काय तुमच्या चाकावर बसवलाय होय, हवा तेव्हा थांबवायला?" मग त्याने घोंगडीत पाहिलं आणि त्याचा सूरच बदलला. "अरे वा! याच्या खवल्यांच्या अंगठ्या करतात. तुम्ही व्हा पुढं, वहिनी. माझं मीठ आज नाही तर उद्या खपेल, तुमच्या सुगडांचं तसं नाही. याचं काय ते मी बघतो." आणि त्याने रिकामी गोणी झटकली.

नवरा हळूच म्हणाला, "अगं, ऊन वर यायला लागलं. आजचा बाजार चुकला तर वर्षभर काय खायचं?"

न विकलेल्या सुगडांचा ढीग कुंभारणीला डोळ्यांपुढे दिसला. मग तिने घोंगडीकडे पाहिलं. तो गोळा बारीक बारीक थरथरत होता. ती तिथेच फतकल मारून बसली.

"हे घरी जाईपर्यंत मी हलायची नाही. आणि माझी गाडी हलल्याशिवाय तुमची हलत नाही."

"अहो, पण ते उलगडणार कधी?" मीठवाल्याने विचारलं.

"गलबला थांबला की. भाऊ, आपापल्या बैलांच्या माळा जरा मुठीत धरा."

तोवर मागचे गाडीवानही जमले होते. त्यांतला गूळवाला खो खो हसला. "माळा धरा म्हणे! आता बैलांना रवंथही गुपचूप करायला सांगा!" सगळेच हसले.

पण बांगड्यांच्या गाडीतून एक म्हातारी कासारीण खाली उतरली. तिने आपल्या बैलाच्या गळ्यात हात टाकून माळ घट्ट धरली. "हसता काय मेल्यांनो? माझा जन्म काचेत गेला. नाजूक काम असलं की धसमुसळेपणा चालत नाही. धरा माळा!"

मग नवऱ्याने माळ धरली. मग घोंगडीवाल्याने. 'माळा धरा, माळा धरा' अशी कुजबुज रांगेतून खाली उतरत गेली आणि बघता बघता सगळा घाट चिडीचूप झाला. पानांवरून टपटपणारं दव तेवढं ऐकू येत होतं.

तो गोळा सैल झाला. आधी एक निमुळतं नाक बाहेर आलं. मग पोटाशी धरलेलं, फिकट खवल्यांचं इवलंसं पिल्लू दिसलं. ते आईच्या शेपटीवर चढून बसलं आणि आई हळूहळू डुलत रानात दिसेनाशी झाली.

मीठवाल्याने गोणीची घडी घातली. "पोटाशी पोर होतं होय," एवढंच तो पुटपुटला.

गाड्या निघाल्या. घाट उतरेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. बाजाराचं मैदान दिसलं आणि कुंभारणीचे डोळे भरून आले. मैदान रिकामं होतं! एकही पाल नाही, एकही टोपली नाही. कडेला तेवढ्या काही बायका उभ्या होत्या.

"उठला ना गं बाजार?" तिने कसंबसं विचारलं.

"उठायला भरलाय कुठं?" एक बाई वैतागून म्हणाली. "सकाळपासून पिशव्या घेऊन उभ्या आहोत. एक गाडी येईल तर शपथ!"

कुंभारणीने मागे वळून पाहिलं. मीठ, गूळ, घोंगड्या, बांगड्या, सगळे एकामागून एक घाट उतरत होते. ज्या बाजाराला आपण मुकलो असं तिला वाटलं होतं, तो तिच्या मागोमागच येत होता.

त्या दिवशी बाजार उशिरा भरला आणि दिवेलागणीपर्यंत चालला. उशीर का झाला ते मीठवाल्यानेच ज्याला त्याला सांगितलं, आणि जाताना स्वतः सुगडं घ्यायला आला. "बायकोला ही गोष्ट सांगणार आहे," तो म्हणाला, "रिकाम्या हाताने कशी सांगू?"

पुढे कितीतरी वर्षं त्या वळणावर आलं की गाडीवान खाली उतरून माळा मुठीत धरायचे. आता तिथून मोटारी जातात. माळाही गेल्या आणि धरणारे हातही. पण एखादी म्हातारी अजून त्या वळणावर बोलता बोलता गप्प होते, आणि शेजारी बसलेल्या नातवंडाला कळत नाही, आजी कशाला कान देते आहे.

तात्पर्य: वाट सगळ्यांची असते. भ्यालेल्या जीवासाठी घटकाभर थांबलं, म्हणून कुणाचा बाजार बुडत नाही.