हणमंतचा गुडघा

डोंगरापलीकडच्या एका गावात एक शाळा होती आणि त्या शाळेत मुलांचा फुटबॉलचा एक संघ होता. संघ कसला, नुसता गोंधळ! चेंडू जिकडे जाईल तिकडे सगळी पोरं एकदम धावायची. गोलकीपरसुद्धा गोल मोकळा टाकून पळायचा. दरवर्षी तालुक्याला जायचं, आठ-नऊ गोल खायचे आणि मान खाली घालून परत यायचं, असं चाललं होतं.

एके वर्षी शाळेत गुरव सर आले. शिकवायचे भूगोल, पण पोरांचा खेळ पाहून त्यांना राहवेना. "उद्यापासून सकाळी सहाला मैदानावर या," ते म्हणाले.

पहिला महिनाभर त्यांनी कुणाला गोल मारूच दिला नाही. दोघादोघांनी समोरासमोर उभं राहायचं आणि चेंडू एकमेकांना द्यायचा, बस्स. पोरं कंटाळली, कुरकुरली. पण हळूहळू त्यांना मान वर करून आपला गडी कुठे आहे ते बघायची सवय लागली.

सरांचा एक नियम मात्र कडक होता. "ज्याला लागलं असेल त्यानं हात वर करायचा आणि बाहेर यायचं. त्याला कुणी भित्रा म्हणायचं नाही. सामना पुढच्या वर्षीही असतो, पाय काही दुसरा मिळत नाही."

संघात हणमंत नावाचा मुलगा होता. त्याच्या वडलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. हणमंत बोलायचा कमी, पण मैदानाच्या मधोमध उभा राहून असा चेंडू द्यायचा की तो बरोबर पुढच्याच्या पायाशी जाऊन थांबावा. सरांनी "शाबास" म्हटलं की त्याचे कान लाल व्हायचे.

सामने सुरू झाले. पहिला पाच गोलांनी हरले, दुसरा दोन गोलांनी. तिसरा बरोबरीत सुटला, तर पोरं जिंकल्यासारखी नाचली. आणि मग ती खरोखरच जिंकू लागली. गावातली माणसं कामं टाकून सामने बघायला येऊ लागली. सरांना रस्त्यात कुणीही थांबवून चहा पाजू लागलं. सरांना ते आवडू लागलं.

उपांत्य सामन्यात हणमंतचा गुडघा मुरगळला. त्यानं लगेच हात वर केला आणि तो बाहेर आला. सामना कसाबसा जिंकला. डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला आणि सरांना बजावलं, "आतून ताणला गेलाय. महिनाभर पळायचं नाही. पळाला, तर कायमचं होऊन बसेल."

अंतिम सामना बाराव्या दिवशी होता.

त्या दिवशी हणमंतही सगळ्यांबरोबर टेम्पोतून आला. उतरताना त्यानं दांडा घट्ट धरला, आधी चांगला पाय टेकवला आणि मग दुसरा हळूच खाली घेतला. सरांनी ते पाहिलं.

मध्यंतराला संघ एका गोलानं मागे होता. पोरांचे चेहरे उतरले होते. मैदानाच्या कडेला सगळं गाव उभं होतं. मुख्याध्यापक दोनदा येऊन विचारून गेले, "काय सर, काही करता येईल का?"

सर हणमंतपाशी जाऊन उकिडवे बसले. "गुडघा कसा आहे रे?"

"बरा आहे, सर."

"दुखत नाही ना आता? थोडा वेळ खेळशील?"

हणमंतनं सरांच्या तोंडाकडे पाहिलं. "नाही दुखत. खेळतो."

"नक्की?"

"नक्की, सर."

सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला मैदानात सोडलं.

हणमंत आला आणि खेळच बदलला. त्याच्या एका पासवर बरोबरी झाली. शेवटची चार मिनिटं उरली असताना चेंडू त्याच्याकडेच आला. समोर गोल दिसत होता. तो धावला, चेंडू मारला आणि तिथेच कोसळला.

गोल झाला! पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली, माणसं मैदानात धावली, ढोल वाजू लागला. हणमंत आनंदानं लोळतोय असंच सगळ्यांना वाटलं. एकटे सर चेंडूकडे न बघता त्याच्याकडे धावत सुटले होते.

शहरात नेऊन ऑपरेशन केलं. जखम भरली, पण गुडघा पुरता वाकेना. हणमंत चालायला लागला तो पाय ओढतच. पळणं संपलं.

शाळेत सरांचा सत्कार ठरला. सर गेले नाहीत. ते हणमंतच्या घरी गेले. वडील दुकान सोडून लगबगीनं आत आले, त्यांनी सरांना खुर्ची दिली. "सर, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "खेळात लागायचंच. पोरानंच सांगितलं ना, दुखत नाही म्हणून. तुम्ही तरी काय करणार?"

सर खुर्चीवर बसलेच नाहीत. "दादा, मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "टेम्पोतून उतरतानाच मी बघितलं होतं. मला तो सामना हवा होता, म्हणून मी विचारलं. आणि त्यानं काय म्हणायला हवं, तेही मीच सुचवलं."

वडलांनी खाली बघितलं.

हणमंत कॉटवर पडून होता. सर त्याच्या पायाशी बसले. "तू खोटं का बोललास रे?"

हणमंत पांघरुणाची दशी ओढत राहिला. मग हळूच म्हणाला, "तुम्ही पुन्हा पुन्हा विचारलंत ना, सर. मला वाटलं, तुम्हाला कळलंय. तुम्हीच मला बाहेर बसवाल, असं वाटलं."

वडील उठून बाहेर दुकानात गेले. सर तिथेच, त्या न वाकणाऱ्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिले.

या गोष्टीचं तात्पर्य: लहान मूल मोठ्यांना हवं असलेलंच उत्तर देतं, म्हणून त्याला जपायचं की नाही, हे मोठ्यांनी त्याला विचारून ठरवू नये.