हासूबायचं ओरडणं आणि बुडालेलं आरमार

फार वर्षं झाली, वेरखोलच्या बंदरावर परक्यांचं आरमार चालून आलं. शिडांनी समुद्र झाकला होता, असं म्हणतात. पण पहाटे दाट धुकं उतरलं आणि त्यांना खाडीचं तोंड सापडेना. गावचा म्होरक्या धाकलू नाखवा. त्याने सगळ्यांना बजावलं, कुणी चकार शब्द काढायचा नाही. कोंबडेसुद्धा टोपल्याखाली झाकले.

आणि नेमकी तेव्हाच हासूबायची पोर गोमी घरात नाही. ओहोटी बघून कालवं काढायला गेलेली. जवळच्या खडकावर बस, म्हणून आईने रोज कानीकपाळी ओरडायचं, आणि हिला समुद्रातल्या लांबच्या खडकावरचीच कालवं हवीत. आता भरती चढत होती. त्या धुक्यात पोरीला किनारा दिसणार कसा?

हासू बंदराच्या टोकावर गेली आणि ओरडली, "गोमे, कुठं मेलीस?"

नाखवा धावत आला. "गप गो हासू. आरमार ऐकल."

"ऐकू दे. पोर माझी बुडतेय, आरमाराची नाही."

धुक्यातून आवाज आला, "मी काय खेळत बसलेय? कालवं काढतेय ना."

"आग लाव त्या कालवांना. किती वेळा सांगायचं तुला?"

"मग दुपारी भाताबरोबर काय खाशील?"

झालं, मायलेकींची जुंपली. आरमाराच्या सरदाराने कान दिला. एका अंगाला बाई, दुसऱ्या अंगाला पोरगी. त्याला वाटलं, दोन्ही काठांवर वस्ती आहे, म्हणजे मधे खाडीच असणार. त्याने गलबतं मधोमध घातली. तिथे करवत नावाची खडकांची रांग होती, भरतीत बुडालेली. पहिलं गलबत फुटलं, मागचं त्याच्यावर चढलं, त्याच्यावर तिसरं. दुपारपर्यंत आरमाराच्या फळ्या किनाऱ्याला लागल्या, असं म्हणतात.

हासूने तिकडे बघितलंसुद्धा नाही. ती पाण्यात शिरली आणि समुद्रालाच बोलत सुटली, "तुला तरी काही कळतं का रे? लेकराच्या अंगावर चढतोस?" समुद्र तिच्या कमरेच्या वर आला नाही, असं म्हणतात. तिने पोरीला बखोटीला धरून चालत आणलं.

गाव गोळा झाला. एवढं आरमार बुडवलंस कसं, म्हणून विचारू लागला. हासू करवादली, "कसलं आरमार? आधी हिचे पाय बघा, कालवांनी कापून काय केलेत ते."

वेरखोलला आजही धुकं पडलं की बाया टोकावर जातात आणि समुद्रावर गेलेल्या आपल्या माणसांना नाव घेऊन हासूबायसारख्याच रागे भरतात. गोड हाक कुणी मारत नाही. आणि होडीतल्याने उलट बोलायचंच, मग तो कितीही मोठा असो. बाया कान देऊन उभ्या राहतात. तिकडून उर्मट उत्तर आलं की मगच घराकडे वळतात.