दट्ट्यावरची चंद्रकोर

फार फार वर्षांपूर्वी, राजा आणि प्रजा एकाच टाक्याचं पाणी पीत, तेव्हाची ही गोष्ट. डोंगरमाथ्यावर एक नगर होतं. विहीर खणावी तर खाली नुसता काळा फत्तर. म्हणून नदीचं पाणी वर चढवायला तिथे एक अग्नियंत्र बसवलं होतं.

यंत्र मोठं नवलाचं. त्याच्या पोटात एक जाड दट्ट्या वरखाली धावायचा आणि वरच्या अंगाला दोन झडपा उघडझाप करायच्या. झडप जिथे खाली उतरे, तिथेच दट्ट्याही वर येई. पण झडप आधी मिटे आणि मगच दट्ट्या पोचे. ही पाळी दोन दातेरी चाकं सांभाळत. एका चाकाची खूण दुसऱ्याच्या खुणेसमोर बसवायची आणि जाळ पेटवण्याआधी यंत्र हाताने दोन फेरे फिरवून पाहायचं, अशी तिथली रीत होती.

यंत्र सांभाळणारा यंत्रकार हुशार होता, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. वर्षाची साफसफाई करून त्याने यंत्र पुन्हा जुळवलं, त्या दिवशी नेमका राजा पाहायला येऊन उभा राहिला. आता राजाला ताटकळत ठेवून चाक कोण फिरवत बसणार? त्याने थेट जाळ पेटवला. आत खाडकन आवाज झाला आणि यंत्र थांबलं. उघडून पाहतात तो दोन्ही झडपा वाकलेल्या.

यंत्रकाराचा चेहरा पडला. तो पटकन बोलून गेला, "महाराज, लोखंडातच खोट आहे. झडपा घडवणाऱ्या लोहारणीने फसवलं आपल्याला."

शिल्लक होती ती जोडी लावली. तीही वाकली. मग काय, नगरातल्या सातही चौकांत लोहारणीच्या नावाने बोटं मोडली जाऊ लागली.

टाक्यात चार दिवसांचं पाणी उरलं होतं. राजाने म्हाताऱ्या लोहारणीला बोलावून सांगितलं, "चार दिवसांत पाणी चढलं नाही, तर तुझी भट्टी विझवायची आणि हे नगर सोडायचं."

म्हातारीने वाकडी झडप हातात घेऊन उलटसुलट पाहिली. यंत्रकाराला म्हणाली, "बाबा, खोटं लोखंड तडकतं, तुटतं. हे तर नुसतं वाकलंय. याला खालून कुणीतरी मारलंय बघ."

तिने दट्ट्याच्या माथ्यावरची काजळी पुसली. खाली लखलखीत चंद्रकोर उमटलेली होती. झडपेची कड तिच्यावर टेकवली, तर तंतोतंत बसली.  यंत्रकाराने हळूच चाकांचे दाते मोजले. एक दाता चुकला होता.

त्याने चाक मुकाट्याने सरकवलं.  म्हातारीने नव्या झडपा घडवल्या. तेलात बारीक वाळू कालवून एकेक झडप तिच्या बैठकीवर दिवसभर घासली, मग वरून पाणी ओतून बसून राहिली. खाली थेंबसुद्धा उतरला नाही.

मग तिने दट्ट्याच्या माथ्यावर तेलाचा हात फिरवला आणि कणकेचा गोळा थापला. "आता फिरव. हाताने, आणि सावकाश."

यंत्रकाराने दोन फेरे फिरवले. कुठे काही अडलं नाही. उघडून पाहिलं, तर झडपेने कणीक दाबून तिचा नुसता पापुद्रा ठेवला होता. त्याने तो उचलून उजेडात धरला. पलीकडचं दिसत होतं.

"एवढंच अंतर, आजी?"

"एवढंच."

तो पाहतच राहिला. इतकी वर्षं तो या यंत्राजवळ वावरत होता. दिवसातून हजारो वेळा झडप आणि दट्ट्या ही दोघं इतक्या जवळून जात होती आणि त्या दिवसापर्यंत एकदाही एकमेकांना शिवली नव्हती.  त्याचे हात आपोआप जोडले गेले. कुणाला, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

चौथ्या दिवशी जाळ पेटला. यंत्र धडधडू लागलं आणि नदी डोंगर चढून आली. लोक पाण्यात हात घालून नुसते उभे राहिले.

राजा खूश होऊन लोहारणीला म्हणाला, "या खेपेला चांगलं लोखंड घातलंस तर."

म्हातारी आपली हत्यारं गोळा करत राहिली. यंत्रकार गप्प बसला असता, तर कुणाला काही कळणार नव्हतं. पण त्याच्याच्याने राहवेना. त्याने पगडी उतरवून राजापुढे ठेवली.

"महाराज, लोखंड पहिल्यापासून चांगलंच होतं. एक दाता मी चुकवला आणि तपासला नाही. वर आळ हिच्यावर घेतला."

राजा संतापला. "उद्यापासून यंत्र दुसऱ्याच्या हाती."

"नको महाराज," म्हातारी म्हणाली. "दुसऱ्याला हे सगळं पहिल्यापासून शिकावं लागेल. हा शिकलाय."

राजाने थोडा विचार केला आणि पगडी परत दिली. पण जिथे जिथे तिची बदनामी झाली, तिथे तिथे जाऊन खरं सांगायची आज्ञा केली. यंत्रकार सातही चौकांत गेला. शेवटच्या चौकात त्याचा आवाज पार बसला होता, तरी त्याने एक शब्द गाळला नाही.

लहानांनो, आणि मोठ्यांनोही, ध्यानात ठेवा: आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारली, की मोडलेलं पुन्हा पुन्हा मोडतच राहतं.