टाकून दिलेले रोप

एकदा एका खाडीकाठच्या गावी एक वृद्ध पाळक राहत होते. चर्चच्या मागे त्यांची आंब्याच्या कलमांची छोटी बाग होती. सीलास नावाचा तरुण त्यांच्याकडे धर्मशिक्षण घेई आणि बागेतही राबे. येत्या रविवारी भरतीच्या वेळी खाडीत त्याचा बाप्तिस्मा व्हायचा होता. पण आजारी आईला रागाच्या भरात एकटी टाकून तो एकदा घरातून निघून गेला होता. परतला तेव्हा ती हयात नव्हती. त्यानंतर त्याने पुष्कळ उपास केले, आजाऱ्यांची सेवा केली, तरी मन निवले नाही. एका सकाळी तो बाप्तिस्म्याला नकार सांगायलाच बागेत आला.

खाडीवरचे धुके अजून उठले नव्हते. रोपे त्यात तरंगत असल्यासारखी दिसत होती. महिन्यापूर्वी सीलासने एक वाकडे, साध्या रायवळ आंब्याचे रोप फेकून दिले होते. पाळकांनी ते उचलून त्यावर कलमासाठी हापूसची उत्तम काडी बांधली होती. आता कलमाच्या सांध्याखाली, रायवळाच्या खोडाला तांबूस पालवी फुटली होती. सीलासने ती कौतुकाने जपली होती. पाळकांनी ती सगळी खुडून टाकली.

सीलासचा चेहरा उतरला. “बाबा, बिचारे किती धडपडत होते.”

“धडपडत होते खरे. पण त्याने हापूस झाले असते का? ही फूट राहिली, तर वरची काडी सुकेल.”

“मग याला घेतलेत तरी कशाला? त्यात घेण्यासारखे काय होते?”

“काहीच नव्हते. माझ्या मनात आले, म्हणून घेतले.”

सीलासने खाली पडलेली पालवी गोळा केली. मग खालमानेने म्हणाला, “रविवारी मी येत नाही. माझी लायकी नाही.”

“नाहीच,” पाळक शांतपणे म्हणाले. “तुला निवडताना देवाने ती विचारलीही नाही. हापूसच्या झाडाला घाव घातला, तेव्हा ही काडी मिळाली. ख्रिस्ताने तुझ्यासाठी घाव सोसले, तेव्हा तू कुठे उपास करत होतास? सेवा कर, जरूर कर. पण ती पुढे येणारी फळे आहेत, बाळा. त्यांच्या बदल्यात काडी मिळत नसते.”

धुके विरळ होत होते. सांध्याखाली, पानाआड, एक बारीक कोंब राहून गेला होता. सीलासने वाकून तो हलकेच खुडला.

“बाबा,” त्याने विचारले, “रविवारी भरती किती वाजता आहे?”