धनेशाची भिंत

एका राज्यात सुधन्वा नावाचा राजा होता. दीनांना सोडविणे हे त्याचे ब्रीद होते. आधी विचारपूस करणे त्याला कालापव्यय वाटे.

एकदा अरण्यात त्याला बेहड्याच्या झाडात ढोली दिसली. तिचे तोंड लिंपलेले, मध्ये बोटभर फट आणि आत धनेश पक्ष्याची मादी. "पत्नीस कोंडतो, अधम!" म्हणत राजाने भिंत फोडविली. मादी उडाली नाही. तिची उड्डाणपिसे झडलेली होती. ती खाली पडली. नर धनेश मनुष्यवाणीने बोलला, "राजन्, फोडलेस ते तुझ्या घरी उभे राहील."

राजा परतला तो पाठशाळेचे दार भिंतीने बुजलेले. आत राजकन्या कुमुद्वती आणि तिचे सहा सवंगडी. भिंतीत बोटभर फट. पहारींनी ओरखडाही उमटेना.

अंगणातल्या आंब्यावरून नकला करणारा भृंगराज पक्षी राजाच्याच आवाजात म्हणाला, "तीन पक्ष्यांचे वर्तन मुलांना शिकव. खरे सांगशील तर फट रुंदावेल, चुकशील तर आकसेल. टिटवी पंख फरफटत का चालते?"

"जखमी असते म्हणून," राजा तत्काळ उत्तरला.

फट अर्ध्या बोटाची झाली. आता अन्नही आत जाईना.

"तात, आधी पाहून या, मग बोला!" आतून कुमुद्वती ओरडली.

राजा नदीकाठी गवतात पालथा पडून राहिला. मुंगूस आले. टिटवी पंख फरफटत त्याला दूर घेऊन गेली आणि धडधाकट उडाली. तिची अंडी गोट्यांत मागेच होती. राजाने हे सांगितले. फट बोटभर झाली.

"शांत हळद्या पक्षी भांडखोर कोतवाल पक्ष्याशेजारी घरटे का बांधतो?" भृंगराजाने विचारले.

राजाने पाहिले, मग सांगितले, "कोतवाल शिक्र्यासारख्या शिकारी पक्ष्यालाही हुसकावतो. शेजाऱ्याचे घर आपसूक राखले जाते."

"म्हणजे आपले सेनापती!" आत हशा पिकला. फट दोन बोटे झाली.

"धनेशाची भिंत कोण बांधतो?"

राजा उत्तर न देता थेट अरण्यात गेला. बेहड्याखाली रिकामी कवचे पडली होती. उघड्या ढोलीतली अंडी वानरांनी नेली होती. मादी झुडपात बसली होती आणि नर तिला भरवीत होता. राजाने तिला स्वहस्ते ढोलीत ठेवले व दूर बसून पाहिले. नराने चिखल आणला. मादीने तो विष्ठेत, फळांच्या गरात कालवून चोचीने आतून लिंपला.

फटीशी येऊन राजा म्हणाला, "भिंत आईनेच बांधली होती. मी तिला न विचारता सोडविले. अपराध माझा."

फट तीन बोटे झाली, पण भिंत उभीच राहिली. "ती आतूनच फुटेल," भृंगराज म्हणाला.

मग राजा रोज झाडाची उंबरे आणून फटीतून मुलांना भरवू लागला.

"महाराज, उंबरे पुरे. लाडू आणा!" आतून एक सवंगडी म्हणाला.

"लाडू फटीत मावत नाही."

कित्येक आठवड्यांनी, पिसे पुन्हा आलेल्या मादीने ढोली फोडली. त्याच क्षणी पाठशाळेत आतून घाव घुमू लागले. पहारेकरी पहारी घेऊन धावले.

"थांबा," राजा म्हणाला. "बाहेरून कोणीही हात लावायचा नाही."

ढेकळे गळाली. धुळीने माखलेली कुमुद्वती भगदाडात उभी राहिली. राजाचा हात पुढे झाला, आणि त्याने तो मागे घेतला.

"देऊ का हात?" त्याने विचारले.

"द्या," ती म्हणाली.

धनेश अरण्यात नांदले, मुले घरोघरी नांदली. त्या राज्यात अजूनही कोणाला सोडवायचे तर आधी विचारतात.