नदीपलीकडचे रान आणि चौकस खार

एका मोठ्या नदीच्या काठी जुने, दाट जंगल होते. तिथे सिंहाचे राज्य होते आणि त्याच राज्यात एक भारी चौकस खार राहत असे. ज्याला त्याला "का?" विचारायची तिला खोडच होती. "अगं, जरा गप्प बस की!" असे घरचेही म्हणत. पण गप्प बसेल ती खार कसली! पुढे जुन्या झाडांवर दाटी झाली, तेव्हा ती आणि तिचे भाऊबंद वाहत्या ओंडक्यांवर बसून पैलतीरी गेले. तिथे नुसता उघडा माळ. एका साळिंदराने बिळातून डोके काढून त्यांच्याकडे पाहिले. खारींनी मात्र त्याची दखलही घेतली नाही. त्यांना कामे होती.

आता, खारींची रीत तुम्हाला ठाऊक आहे ना? थोड्या बिया खायच्या, बाकीच्या जमिनीत पुरून ठेवायच्या, आणि कुठे पुरल्या ते साफ विसरून जायचे! या वेंधळेपणापायी माळावर बोरी उगवल्या, जांभळी उगवल्या, करवंदीच्या जाळ्या माजल्या. बघता बघता रान झाले. रान झाले तसे लांडगेही आले आणि खाली उतरेल त्या खारीवर झडप घालू लागले. खारींनी सिंहाला हाक मारली. त्याने वाघ पाठवले. खारींनीही वरून टणक फळांचा मारा केला, आणि लांडगे पळाले.

मग सिंहाचा हुकूम आला. कावळ्याने फांदीवर बसून तो ऐकवला. "महाराजांनी तुमचे रक्षण केले. तेव्हा यापुढे बिया जमिनीत पुरायच्या नाहीत. सगळ्या नदीपार दरबारात पोचवायच्या!"

खारी आपसांत कुजबुजू लागल्या. बिया पुरल्या नाहीत, तर उद्या खायचे काय, आणि पिलांना झाड कुठले? चौकस खार तडक दरबारात गेली.

"महाराज, एक विचारू? तुमच्या दरबारात हत्ती बसतो, कोल्हा बसतो, अस्वलही बसतं. हा हुकूम ठरला तेव्हा आमच्यातलं कुणी का नव्हतं?"

सिंह खदाखदा हसला. "एवढीशी खार, आणि मला जाब विचारतेस? तुम्ही आणून द्यायचं, विचारायचं नाही!"

ती परतली ती शेपटी फुलवूनच. दरबारासाठी काठावर रचलेली बियांची रास खारींनी त्याच संध्याकाळी नदीत लोटून दिली. "जा, सांग तुझ्या महाराजांना!" त्या कावळ्याला म्हणाल्या.

सिंह खवळला. वाघांना घेऊन तो नदी पोहून आला. पण रानात शिरावे कुठून? ठरवून लावलेले रान नव्हतेच ते. सरळ वाट म्हणून नाही. वाघ काट्यांना कंटाळून माघारी गेले. सिंहाची आयाळ करवंदीच्या जाळीत अशी गुंतली, की त्याला मान हलवता येईना. वरून फळांचा मारा चालूच. शेवटी भुकेने कळवळून तो म्हणाला, "अगं खारी, नदीची वाट तरी दाखव!"

खार खालच्या फांदीवर आली. तिला खरोखरच नवल वाटत होते. "महाराज, आणखी एक विचारू? ज्या रानातली एक वाट तुम्हाला ठाऊक नाही, त्या रानाचे तुम्ही राजे कसे?"

"नाही मी इथला राजा," सिंह पुटपुटला. "सोडव मला." खारींनी जाळी कुरतडली आणि त्याला नदीपर्यंत पोचवले.

मग काय, रानभर आनंदीआनंद! "आता हे रान आमचं! उरलेल्या माळावरही बिया पुरूया!" सगळ्या ओरडू लागल्या. तेवढ्यात साळिंदराने बिळातून डोके काढले.

"खारूताई, मीही एक विचारू?" तो म्हणाला. "हे रान नव्हतं, तेव्हाही आमची बिळं इथेच होती. तुम्ही आलात तेव्हा आम्हाला का नाही विचारलंत?"

"याला काय विचारायचंय!" एक थोराड खार फिसकारली.

हे बोलणे चौकस खारीने कुठे ऐकले होते, ते तिला चटकन आठवले. तिला मनापासून लाज वाटली. ती झाडावरून उतरली आणि बिळाच्या तोंडाशी जाऊन बसली.

"चुकलंच आमचं," ती म्हणाली. "आता विचारते. बोला, मी ऐकते."

तात्पर्य : आपल्याला न विचारता हुकूम सोडणाऱ्याला जाब जरूर विचारावा, पण स्वतंत्र झाल्यावर तोच जाब कुणी आपल्याला विचारला, तर खाली उतरून तो ऐकून घ्यावा.